राखण हीच पूजा



आज मी आपल्याशी एका जागेविषयी बोलणार आहे. ही जागा आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात आहे. काहींच्या गावात ती होती आणि आता उरलेली नाही. शिवेजवळ, ओढ्याच्या अंगाला किंवा डोंगराच्या कुशीत दाट झाडांचा एक पट्टा असतो. भर दुपारी आत शिरले तरी डोळ्यांना अंधारी येते. आत शेंदूर फासलेला एखादा तांदळा, चार मातीचे घोडे, एक घंटा. त्या झाडांना कोणी कुऱ्हाड लावत नाही. तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी घरी नेत नाही. आमच्या मावळात तिला देवराई किंवा नुसती राई म्हणतात. दक्षिण कोकणात देवरहाटी म्हणतात. राजस्थानात अशा जागेला ओरण म्हणतात, कोडगूत देवरकाडू आणि केरळात कावू. नावे निराळी, पण नियम सगळीकडे एकच. हे रान देवाचे आहे.

आता पाहा, गावात जमीन तीन तऱ्हेची असते. एक माझी. तिला मी कुंपण घालतो, तिचा बांध कोणी कोरला तर कोर्टात जातो. दुसरी सरकारची, म्हणजे गायरान, गावतळे, ओढ्याचा काठ. खरे म्हणजे ती आपल्या सर्वांची. पण ‘सर्वांची’ याचा अर्थ ‘कोणाचीच नव्हे’ असा आपण करून ठेवला आहे आणि जो तो तिथे हात मारून घेतो. तिसरी जमीन देवाची. तिला कुंपण नाही, पगारी राखणदार नाही. तरी ती पिढ्यान् पिढ्या जशीच्या तशी राहिली. हे कसे झाले, आणि यापुढे ते होईल का, एवढाच आजचा माझा विषय आहे.

एक लहानपणची गोष्ट सांगतो. १९५८ च्या सुमाराची. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या गावची राई वाघजाईची. गुरे वळून येताना मी तिथून एक काठी उचलली. हिरवी नव्हे हां, खाली पडलेली, सुकलेली. पण इतकी सरळ की मोह आवरेना. अंगणात येताच आजीने पाहिली.

“कुठली रं ही?”

“राईतली. पडली हुती.”

आजीने मला मारले नाही, ओरडलीही नाही. चुलीवरची भाकरी तशीच खाली उतरवली, माझा हात धरला आणि मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात मला राईपर्यंत चालवत नेले. काठी होती तिथे ठेवायला लावली. मी विचारले, “आजे, पडलेलीच तर होती. देवीला काय उपयोग तिचा?” आजी म्हणाली, “तिला नसंल. पर ती तुझी न्हाई, एवढं कळलं की पुरं.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. तो कसा कळला तेच पुढे सांगतो.

राईतली काडी नेऊ नये, हा नियम अडाणीपणाचा वाटतो, नाही का? पण तो जरा उलगडून पाहा. सह्याद्रीच्या माथ्याला पाऊस किती पडतो ते आपण जाणता. उघड्या डोंगरावर पडलेले ते पाणी काही तासांत ओढ्याला मिळते आणि माती घेऊन खाली जाते. राईत तसे होत नाही. तिथे पानगळीचा जाड थर असतो. पडलेली लाकडे वर्षानुवर्षे कुजत असतात. त्यांत बुरशी वाढते, किडे पोखरतात, गांडुळे माती वरखाली करतात. ती माती भुसभुशीत होऊन स्पंजासारखी पाणी धरते. मुळांच्या वाटेने ते पाणी सावकाश खाली झिरपते आणि जिथे जमीन फोडून वर येते तिथे झरा होतो. म्हणूनच कितीतरी रायांच्या पायथ्याशी झरा, टाके किंवा ओढ्याचे मूळ सापडते. आता विचार करा. प्रत्येक घराने रोज एक एक वाळकी मोळी नेली असती, तर तो थर राहिला असता का? हिरवे झाड तोडू नये हे कोणालाही समजते. पण वाळकी काडीही उचलू नये, हे सांगायला फार जुनी समज लागते.

शिवाय राईत जे म्हातारे वृक्ष राहतात, ते इतरत्र राहत नाहीत. बेहडा, सातवीण, जांभूळ, आंबा असे दोन-तीन माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे आणि त्यांच्यावरून चढलेली गारंबीची वेल. त्या वेलीची शेंग हातभर लांब असते, कधी कधी त्याहूनही मोठी. जुन्या बुंध्यांत ढोल्या असतात. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत अंडी घालते आणि आतून स्वतःला कोंडून घेते. फक्त चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिलांना फळे भरवतो. असे झाड एका पावसाळ्यात तयार होत नाही. ते पणजोबांनी राखलेले असावे लागते.

आमचे हे म्हणणे शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिले आहे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक या दोघांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम घाटातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या, त्यांतल्या वनस्पती नोंदल्या आणि जगापुढे मांडल्या. त्याच सुमारास श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडली जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे मदत मागितली होती. राई गेली तर ओढ्याचे पाणी जाईल, हे त्या लोकांचे कारण होते. देवाचा कोप होईल एवढेच काही ते म्हणाले नाहीत. श्रद्धा होती आणि समजही होती. त्यानंतर अनेक अभ्यासक हिंडले आणि आज महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक देवरायांच्या नोंदी झालेल्या आहेत.

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

मी शिक्षक झालो ते १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी. तरुण होतो. गावातली अंधश्रद्धा घालवायची असा चंग बांधला होता आणि त्यात काही गैर होते असे आजही मला वाटत नाही. एके दिवशी वर्गात मी मुलांना सांगितले, “राईतले लाकूड नेले तर देवी कोपते, हे खोटे. लाकडाने कोणाचे वाईट होत नाही.” मुले गप्प बसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्याने अगदी सरळपणे विचारले, “मंग गुर्जी, तोडलं तर चालंल?”

श्रोतेहो, मला उत्तर देता आले नाही. ‘तोडू नये रे’ असे काहीतरी मी पुटपुटलो. का तोडू नये, ते सांगितले नाही. मलाच ते तेव्हा नीट ठाऊक नव्हते. एका हाताने मी भीती काढून घेतली होती आणि दुसऱ्या हातात द्यायला माझ्याजवळ काही नव्हते. माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना मी हे मुद्दाम सांगतो आहे. भीती घालवणे हे आपले काम आहेच. पण भीतीने जी गोष्ट राखली होती, ती पुढे कशाने राखायची याचे उत्तर तयार ठेवूनच ते काम करावे. नाहीतर मुले आपले अर्धेच वाक्य घरी घेऊन जातात.

दुसरी चूक याहून मोठी आहे. १९९८ साली गावाने वाघजाईचा जीर्णोद्धार करायचे ठरवले. आमचा देव उघड्यावर, आणि आमच्या घरांवर मात्र स्लॅब, याची लोकांना लाज वाटू लागली होती. मुंबईला कामाला असलेल्या मंडळींनी पैसे पाठवले. शिखर, सभामंडप, फरशी, ट्रक येईल असा रस्ता, असा सगळा बेत झाला. वर्गणीचे आवाहन कोणी लिहिले? मीच लिहिले. माझे अक्षर चांगले होते ना! ‘देवीच्या सेवेची ही संधी दवडू नका’ असे मी त्यात लिहिले होते.

ठेकेदाराने आखणी केली आणि अकरा झाडांवर चुन्याच्या फुल्या मारल्या. लाकूड विकून मंडपाचा खर्च निघेल असा हिशेब होता. कोणालाही त्यात पाप दिसत नव्हते, कारण सगळे देवीसाठीच चालले होते. राईला चोराची भीती मला ठाऊक होती. भक्ताची भीती असते, हे मला त्या दिवशी कळले.

चार झाडे पडल्यावर गावची एक म्हातारी बाई चावडीसमोर येऊन बसली. नवरा नाही, मूल नाही, सभेत कधी तोंड न उघडलेली. ती म्हणाली, “बाई रानात राहती. तिनं घर कवा मागितलं? सावली तुमास्नी पायजे, म्हणून तिची सावली तोडता व्हय?” सगळे चूप झाले. मग एकाने विचारले, “कौल लावला होता का?” आणि तेव्हा लक्षात आले की कौलच लावलेला नाही. ठेकेदाराच्या तारखा ठरल्या होत्या, त्या गडबडीत राहूनच गेले.

कौल म्हणजे काय ते शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. राईतले झाड अगदीच अडल्याशिवाय मागायचे नाही. कोणाचे घर जळाले, देवळाचा खांब मोडला, तरच. मग गुरव देवीच्या पाषाणाला फुले किंवा तांदळाचे दाणे लावी. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. हे ऐकून कोणी हसेल. मीही हसत असे. पण त्या रात्री मला वाटले, कौलाचे खरे बळ फुलात नसावे. ज्याला झाड हवे, त्याला साऱ्या गावासमोर उभे राहून आपली गरज मोठ्याने सांगावी लागे, त्यात ते बळ होते. ज्याची गरज खोटी, त्याला तसे उभेच राहवत नसे. सगळ्यांच्या मालकीची वस्तू सगळ्यांच्या देखत मागायची, यापेक्षा चांगला कायदा अजून कोणी केला आहे का?

दुसऱ्या दिवशी काम थांबले. वाद झाले, वर्गणी दिलेली काही माणसे रुसली, वर्षभर माझ्याशी बोलली नाहीत. अखेर सभामंडप चावडीजवळच्या मोकळ्या जागेत झाला. भजन तिथे होते, बैठका तिथे होतात. वाघजाई राईतच, उघड्यावर, पानांच्या छपराखाली राहिली. सात झाडे वाचली. चार गेली ती गेलीच. त्यांतल्या एका बेहड्यात धनेशाची ढोली होती. ती जोडी पुन्हा त्या राईत आली नाही. खालचा झरा पूर्वी मेपर्यंत वाहत असे, आता होळीलाच आटतो. त्या चार झाडांमुळेच असे झाले असे मी म्हणत नाही. पाऊस बदलला, वरच्या अंगाला डोंगर फोडला, कारणे पुष्कळ असतील. पण झऱ्यावरून जाताना ते आवाहन माझ्या हातचे होते, हे मी विसरत नाही.

श्रोतेहो, यातून मी काय शिकलो? देवाची सेवा म्हणजे देवाला काहीतरी आणून देणे, अशी आपली समजूत झाली आहे. नवस, अभिषेक, शिखर, चांदीचा मुखवटा. पण आपल्या वाडवडिलांनी सेवेची आणखी एक रीत सांभाळली होती. ती म्हणजे देवाचे म्हणून जे आहे, त्याला हात न लावणे. देण्यात थोडा मोठेपणा मिळतो, फरशीवर नाव कोरले जाते. राखण्यात काही मिळत नाही. न तोडलेल्या झाडावर कोणाचे नाव लिहीत नाहीत. म्हणूनच ती भक्ती जास्त खरी, असे मला वाटते. आजी म्हणाली होती तेच: ती तुझी न्हाई, एवढं कळलं की पुरं.

आणि ही काही एका पंथाची गोष्ट नाही. महादेव कोळ्यांनी राया राखल्या, वारल्यांनी, गोंडांनी राखल्या, मराठ्यांनी, कुणब्यांनी राखल्या. विदर्भात जन्मलेल्या गाडगे महाराजांचेच पाहा. हा माणूस गावात आला की आधी खराटा हाती घेई, दिवसभर गावचे रस्ते झाडी आणि मग रात्री कीर्तनाला उभा राही. जिथे सर्वांचे पाय पडतात ती जागा स्वच्छ करणे हा त्यांच्या पूजेचाच भाग होता. १९५६ साली ते गेले. आज ते एखाद्या राईतल्या जत्रेला आले असते तर त्यांनी काय पाहिले असते? प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रावळींचा ढीग. देवीला नारळ वाढवून परतताना आपण तिच्या अंगणात उकिरडा ठेवून येतो. जत्रा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा माणसांनी पोती घेऊन राई साफ करावी. तीही आरतीच आहे, बरे का.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या रीतीत सगळेच चांगले होते असे नाही. काही रायांत बायकांना मज्जाव आहे. काही ठिकाणी अमुक जातीच्या माणसाने पुढे जायचे नाही असे होते. ते आपण निःशंकपणे सोडून द्यावे. झाडाला जपणारा नियम ठेवावा आणि माणसाला दूर लोटणारा टाकावा. जी जागा देवाची म्हणून सर्वांची, तिथे कोणाला बंदी असेल, तर ती सर्वांची कशी?

आता कायद्याचे दोन शब्द. देवराईची जमीन कागदावर कोठे वनखात्याची असते, कोठे महसूल खात्याची, कोठे देवस्थानची, तर कोठे चक्क खाजगी. म्हणून पहिले काम हे की आपल्या राईचा सातबारा काढून पाहावा. नाव कोणाचे आहे, क्षेत्र किती आहे, हे गावाला ठाऊक असावे. ज्या दिवशी मोजणीदार येतो त्या दिवशी ते शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने, गाव जे जंगल परंपरेने राखत आले आहे ते राखण्याचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या प्रकरणात, त्या सगळ्या मोजून नकाशावर आणाव्यात आणि त्यांना संरक्षण द्यावे, असा आदेश दिला. म्हणजे आजीने जे कंदिलाच्या उजेडात सांगितले, ते आता न्यायालयही सांगते आहे. पण न्यायालय दूर आहे. राई जवळ आहे.

शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. वर्षातून एक दिवस शाळा राईत भरवा. पाटी-दप्तर नको. मुलांना जोड्या-जोड्यांनी झाडे मोजायला सांगा. दोरीने बुंध्याचा घेर मोजा, गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर नेऊन झाडाचे नाव विचारा आणि ते वहीत लिहा. झऱ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते ते दर वर्षी नोंदवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात समिती आणि लोकांची नोंदवही असावी असे सांगितले आहे. ती वही कपाटात पडून असेल तर मुलांच्या हाती द्या. दहा वर्षांनी ती वहीच राईचे कुंपण होईल. ज्या झाडाचा घेर आपण स्वतः मोजला आहे, त्याच्यावर कोणी फुली मारली तर ती मुले गप्प बसणार नाहीत.

आणि गावकऱ्यांना विनंती ही की जीर्णोद्धार करायचाच असेल तर रानाचा करा. ज्या राईच्या कडा गुरांनी खाल्ल्या आहेत, तिथे काट्यांची वई घाला. चार वर्षे चराई बंद ठेवा. बाहेरची शोभेची झाडे आणून लावू नका, तिथलेच बी तिथे रुजू द्या. आम्हीही त्या चार बुंध्यांच्या जागी काही लावले नाही, फक्त वई घातली. त्यांतल्या दोन ठिकाणी बेहड्याची रोपे आपोआप उगवली. आज ती माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. त्यांना ढोली पडायला अजून किती पिढ्या लागतील ते वाघजाईलाच ठाऊक.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. गावच्या पंचायतीत काम करतो. परवा तो भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, तुम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं.” मी म्हटले, “आता देतो. तोडलं तर देवी कोपणार नाही. पण ते आपलं नाही. आपल्या आधीच्यांनी आपल्यासाठी ठेवलं, आपण पुढच्यांसाठी ठेवायचं. मधल्या माणसाचं काम राखण्याचं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आजी-आजोबा म्हणत होते तेच की!”

होय, तेच. फक्त आता ते भिऊन करायचे नाही. समजून करायचे. आपल्या गावात राई असेल तर उद्या सकाळी एकदा तिकडे जाऊन या. नारळ नेला नाही तरी चालेल. वाटेत कागदाचा कपटा दिसला तर तो उचला आणि वाळकी काठी दिसली तर ती तिथेच राहू द्या.